सक्ती करा, पण आधी रुग्णालयांवर

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातल्या महापालिकांचे आयुक्त आणि खासगी रुग्णालयांचे चालक,

स. न. वि. वि.

पुढची साथ येईल तेव्हा तुमच्या कार्यालयांतून एक परिपत्रक निघेल. ‘सर्व अधिकारी व कर्मचारी यांनी अमुक दिनांकापर्यंत लसीकरण पूर्ण करून घ्यावे, अन्यथा त्यांचे वेतन अदा करण्यात येणार नाही.’ खाली सही, शिक्का, प्रतिलिपी. ते वॉर्डाच्या दारावर चिकटपट्टीनं लागेल, इन्चार्ज सिस्टर ‘वाचले’ म्हणून सही करेल आणि काम झालं असं वरच्यांना वाटेल. ते निघायच्या आत हे पत्र लिहिते आहे, कारण परिपत्रक एकदा निघालं की ते बदलत नाही, त्यावर फक्त स्पष्टीकरणं निघत राहतात.

मी परिचारिका होते. आधी सरकारी रुग्णालयात, मग खासगीत. नोकरीची शेवटची वर्षं संसर्ग नियंत्रणात गेली, म्हणजे हात कोणी धुतले नाहीत, सुई कोणाला टोचली, कोणत्या पिशवीत काय पडलं याचा हिशेब ठेवण्यात. कोविडही त्याच कामावर असताना पाहिला. हे लसीच्या विरोधातलं पत्र आहे असं समजून कोणी फॉरवर्ड करणार असेल तर करू नये. रुग्णालयात काम करणाऱ्यानं लस घ्यावी, काही विभागांत ती बंधनकारकच असावी, असं माझं मत आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारा माणूस, केमो चालू असलेली बाई, एनआयसीयूतलं, म्हणजे नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातलं, किलोभराचं बाळ, यांना आपल्याला कोणी हात लावावा हे ठरवता येत नाही. हात लावणाऱ्यावर म्हणूनच काही बंधनं येतात.

माझं भांडण वेगळं आहे. कर्मचाऱ्यानं काय करावं याची तारीख तुमच्या परिपत्रकात असते. रुग्णालयानं त्याच्यासाठी काय आणि कधीपर्यंत करायचं, याची कधीच नसते.

१६ जानेवारी २०२१ आठवा. देशभर लसीकरण सुरू झालं, पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. दिल्लीच्या एम्समध्ये पहिला डोस एका सफाई कर्मचाऱ्याला दिला गेला, केंद्रीय आरोग्यमंत्री हजर होते, फोटो सगळीकडे झळकला. छान वाटलं. त्याच सुमारास आमच्याकडे को-विनवर, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, चढवायच्या नावांची धांदल चालू होती. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, ऑफिसातले क्लार्क, सगळ्यांची नावं चढली. मामा आणि मावश्या, म्हणजे वॉर्डबॉय आणि साफसफाई करणाऱ्या बाया, मात्र अर्ध्याहून जास्त ठेकेदाराच्या. त्यांची यादी ठेकेदारानं द्यायची होती. ती उशिरा आली, आणि आली तेव्हा काहींच्या नावापुढे सुपरवायझरचाच मोबाईल नंबर, आधारवर एक नाव आणि हजेरीवर दुसरं. मेसेज त्याच्या फोनवर येणार आणि तो भलत्याच साइटवर. कोविड वॉर्डातली बेडपॅन उचलणारी, मृतदेह पिशवीत भरायला हात लावणारी माणसं मागे राहिली आणि हिशेब विभागाचा नंबर आधी लागला. कोणी हे मुद्दाम केलं नव्हतं. माणूस ज्याच्या पगारपत्रकावर, त्यानं त्याची यादी द्यायची, एवढाच नियम होता. त्या नियमानंच घात केला.

गंमत अशी की मार्च २०२० मध्ये केंद्रानं ५० लाखांची विमा योजना जाहीर केली तेव्हा तिच्यात कंत्राटी माणसं आणि सफाई कर्मचारीही धरले होते. म्हणजे कोविडनं मेली तर मावशी आरोग्य कर्मचारी. जिवंत असेपर्यंत ती ठेकेदाराची बाई.

पुढे ३ एप्रिल २०२१ ला केंद्रानं कळवलं की आरोग्य कर्मचारी आणि फ्रंटलाइन कर्मचारी या गटांत आता नवी नोंदणी होणार नाही. कारण दिलं, अपात्र लोक त्यात घुसताहेत. घुसतही असतील. पण तेव्हा महाराष्ट्रात दुसरी लाट ऐन भरात होती आणि मिळेल तो माणूस तात्पुरता भरून घेतला जात होता. पंचेचाळिशीच्या आतला एखादा मुलगा त्या आठवड्यात वॉर्डबॉय म्हणून लागला असेल, तर आरोग्य कर्मचारी म्हणून त्याची नोंदणी बंद, आणि वयाप्रमाणे नंबर लागणार १ मे पासून, तोही साठा असला तर. ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलत तो महिनाभर बिनालसीचा फिरला. त्याच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागितलं असतं, तर त्यानं काय दाखवायचं होतं?

नको म्हणणारेही होते. का नको, हे विचारणारं परिपत्रक काही कोणी काढलं नाही. कोव्हॅक्सिन आलेल्या केंद्रांवर सुरुवातीला वेगळ्या संमतीपत्रावर सही घ्यायचे, कारण तिची परवानगीच ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये होती आणि तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते. पहिल्याच दिवशी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी आम्हाला कोव्हिशील्ड द्या असं लेखी मागितलं. मार्चमध्ये कोव्हॅक्सिनचे अंतरिम आकडे आले, ते चांगले होते. पण जानेवारीत ते कोणाच्याच हातात नव्हते. डॉक्टरनं विचारलं तर ती शंका आणि मावशीनं विचारलं तर ते अज्ञान, हा न्याय मला कधी पटला नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या सिस्टरांना तर सुरुवातीला लस द्यायचीच नव्हती. पाजणाऱ्यांना ती मे २०२१ मध्ये खुली झाली, गरोदर बायकांना जुलैमध्ये. तोवर त्यांची ड्युटी कुठे लावायची, यावर वरून एक ओळ आली नाही. ज्या इन्चार्जला कळकळ होती तिनं त्यांना बाजूच्या वॉर्डात ठेवलं, बाकीच्यांनी नाही.

पण सगळ्यात मोठं कारण यांतलं कुठलंच नव्हतं. एका मावशीनं ते मला जिन्यात ऐकवलं. “सुईला कोण भितंय सिस्टर? उद्या ताप भरला तर खाडा पडतो. दोन खाडे पडले की सुपरवायझर बदलीवाली घेतो. तुमचं बरंय, तुम्ही सीएल टाकाल.” मी ऑफिसला म्हटलं, लसीच्या दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी लिहून द्या. ऑफिस म्हणालं, ते ठेकेदाराचं. ठेकेदार म्हणाला, करारात नाही. मग आम्हीच ड्युटी चार्टवर खटपट केली. ज्या दिवशी लस, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईचा ऑफ. बाकी काही बदललं नाही, पोस्टर नाही, भाषण नाही. रांग लागली.

आणि युनिट हेड सर सगळ्यांसमोर बाही वर करून बसले, त्याचाही उपयोग झाला. लस शोधणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञानं जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तुरुंगातले स्वयंसेवक त्यानंतर. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या पथकांनी घराघरांत शिरून साथ आवरायचा प्रयत्न केला. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाला, ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्या साथरोग कायद्याखाली २०२० मध्ये तुम्ही आदेश काढलेत, तोही १८९७ चाच. त्या वर्षातलं काय घ्यायचं हे निवडायची सोय तुम्हाला होती.

आता पगार अडवण्याबद्दल. केंद्र सरकार शेवटपर्यंत सांगत राहिलं की लस ऐच्छिक आहे; जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच सांगितलं. इकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेनं एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचं ठरवलं. औरंगाबाद जिल्ह्यात पेट्रोल आणि रेशन लसीला बांधलं. मुंबईच्या लोकलला दोन डोसांची अट होती. लोकलचे ते आदेश ठरलेल्या कार्यपद्धतीनं निघालेले नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये सुनावलं. मग २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कोणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, ते राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या, म्हणजे कलम २१ च्या, आड येतं. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त प्रसार होतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नाही, हेही न्यायालयानं नोंदवलं. तुमच्या विधी विभागानं हा निकाल वाचलाच असेल. वॉर्डात तो पोचलेला नाही, म्हणून इथे लिहिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या खटल्यात, केंद्रानं प्रतिज्ञापत्र दिलं: घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती, सरकारला जबाबदार धरता येणार नाही, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावं. लसीचे गंभीर दुष्परिणाम फार विरळ आहेत, ते मला माहीत आहे आणि मी ते शेकडो लोकांना समजावून सांगितलं आहे. पण घेताना सक्तीची आणि काही झालं तर ऐच्छिक, असा व्यवहार कुठलीही संस्था आपल्या माणसांशी करत असेल, तर ती माणसं पुढच्या वेळी मागे सरणारच.

परदेशांनीही हे भोगलं आहे. इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांना नोव्हेंबर २०२१ पासून लस सक्तीची होती, आणि एप्रिल २०२२ पासून ती सगळ्या आरोग्यसेवेला लागू व्हायची होती. जानेवारीत आरोग्यमंत्री लंडनच्या एका रुग्णालयात गेले असता तिथल्या भूलतज्ज्ञानं कॅमेऱ्यासमोर त्यांना सांगितलं की मी लस घेतलेली नाही आणि पुरावा एवढा भक्कम नाही. त्या डॉक्टरशी मी सहमत नाही, मी असते तर घेतली असती. पण ओमायक्रॉननं गणित बदललं होतं, हे खरंच होतं. घेतलेल्यांनाही लागण होत होती, त्यांच्याकडूनही पसरत होती. लस वाचवत होती ती मुख्यतः अतिदक्षता विभागापासून आणि मरणापासून. महिना संपायच्या आत सरकारनं माघार घेतली. अमेरिकेत त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं आरोग्य कर्मचाऱ्यांवरची सक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरली. दोन्हीकडे शहाणी माणसं होती. यातून एवढंच घ्यावं की विषाणू बदलला की नियमही पुन्हा तपासावा लागतो, आणि आपल्या परिपत्रकांना मुदत नसते. ती पिवळी पडेपर्यंत दारावर असतात.

खरं तर रुग्णालयात लसीची सक्ती ही गोष्ट कोविडनं आणलेली नाही. ती कायद्यात आधीपासून आहे, आणि ती पाळली असती तर २०२१ मधला अर्धा गोंधळ टळला असता. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ उघडा. नियम ४ मध्ये रुग्णालयाची कर्तव्यं आहेत. आरोग्य कर्मचारी ‘आणि इतर’, असे जे कोणी हा कचरा हाताळतात, त्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातासारख्या आजारांची लस द्यायची आहे. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करायची आहे. सक्ती आहेच, फक्त ती बाईवर नाही, रुग्णालयावर आहे. आणि ‘इतर’ हा शब्द नियम करणाऱ्यानं विचार करून घातलेला आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं तर बाकीची रुग्णालयं निश्वास टाकतील. नाईट संपता संपता लाल पिशवी उचलताना एका मावशीच्या मांडीत सुई घुसली. लाल पिशवीत सुई असायलाच नको, ती पांढऱ्या टणक डब्यात जायची; कोणीतरी घाईत आयव्ही सेटसकट टाकली होती. तिनं सलवार वर करून नळाखाली पाय धरला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: “सुपरवायझरला सांगू नका.” त्या वॉर्डात तेव्हा हिपॅटायटिस बीचे पेशंट होते. लसीकरणाचं कार्ड? नाही. टायटर, म्हणजे लसीनं पुरेसं संरक्षण तयार झालं का हे सांगणारी रक्ततपासणी? ते काय असतं? लस न घेतलेल्याला अशा पेशंटची सुई लागली तर लागण व्हायची शक्यता १०० मध्ये ६ ते ३०. एचआयव्हीची ३०० मध्ये साधारण एक. भीती मात्र सगळ्यांना एचआयव्हीचीच, त्या बाईलाही. जो आजार तीन साध्या इंजेक्शनांनी टळतो त्याचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं, आणि तो विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो.

तिला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यायचं होतं, होईल तितक्या लवकर, २४ तासांच्या आत. ते महागडं. कॅज्युअल्टी म्हणाली केसपेपर काढा. फार्मसीनं विचारलं, स्टाफ की पेशंट? ऑफिसनं सांगितलं ठेकेदाराला फोन करा. ठेकेदाराचा फोन लागेना. अखेर एका निवासी डॉक्टर मॅडमनी पैसे भरले आणि संध्याकाळी इंजेक्शन मिळालं. सहा महिन्यांनी तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ते तिचं नशीब. त्या वर्षीच्या रजिस्टरात आमच्या रुग्णालयाचं हिपॅटायटिस बी लसीकरण शंभर टक्के होतं. रजिस्टर खोटं नव्हतं. त्यात फक्त पगारपत्रकावरच्यांची नावं होती.

आणखी एक अडचण तुमच्या टेबलावरून दिसत नाही. ही लस तीन डोसांची, आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. ठेक्याची माणसं त्याहून लवकर बदलतात. दोन डोस एका ठेकेदाराकडे होतात, तिसऱ्याच्या वेळी बाई दुसऱ्या रुग्णालयात असते आणि कार्ड पहिल्याच्या फाइलीत. राहिलेला डोस तेवढा द्यायचा असतो, पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते; पण राहिला कोणता हे सांगणार कोण? टेंडर बदललं की सगळं शून्यावर.

वरच्या टोकालाही काही फार शिस्त आहे असं समजू नका. मानद म्हणून येणाऱ्या मोठ्या सर्जनचं टायटर कोणी विचारत नाही. मी एकदा विचारायला गेले. “सिस्टर, आता तुम्ही माझी परीक्षा घेणार?” असं हसत म्हणाले. मी म्हटलं, हो सर, एकच प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी रक्त दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पण सगळ्याच रुग्णालयांत असं विचारता येत नाही, म्हणून सक्तीचा चटका नेहमी खालूनच सुरू होतो.

म्हणून मागणं असं आहे. पुढच्या साथीत लसीची अट घालाल तेव्हा ती विभाग पाहून घाला. अतिदक्षता, डायलिसिस, कर्करोग, नवजात शिशू इथे घाला. रेकॉर्ड रूमला तोच नियम लावून रुबाब दाखवू नका. ज्याला वैद्यकीय कारणानं चालत नाही किंवा ज्याचं मन तयार होत नाही, त्याला पगार न कापता दुसरीकडे काम द्या. तरीही कोणी रुग्णाजवळच्याच कामाचा हट्ट धरला, तर मात्र नाही म्हणा, आणि त्या वेळी मी तुमच्या बाजूनं असेन. अट का घातली हे दोन ओळींत मराठीत लिहा: ही लस लागण थांबवते की फक्त गंभीर आजार थांबवते, ते खरं लिहा. मुदत टाका आणि मुदत संपली की पुन्हा बघा. दुसऱ्या दिवसाची भरपगारी सुट्टी ठेकेदाराच्या माणसांनाही द्या. दुष्परिणाम झाला तर उपचार कोण करणार आणि भरपाई कोण देणार, हे त्याच कागदावर असू द्या. आणि ती लस पहिल्या दिवशी डीन आणि अधीक्षक घेतील, वॉर्डात, केबिनमध्ये नाही.

यातलं बरंचसं साथीची वाट बघेल. एक गोष्ट बघणार नाही. सफाई, सुरक्षा आणि वॉर्डबॉय यांचे पुढचे ठेके जेव्हा काढाल, तेव्हा निविदेत कलम टाका: कामावर आलेल्या प्रत्येकाचा हिपॅटायटिस बीचा पहिला डोस पहिल्या आठवड्यात, रुग्णालयाच्या खर्चानं, कार्ड ज्याचं त्याच्या हातात, ठेकेदार बदलला तरी उरलेले डोस रुग्णालयानंच पुरे करायचे, सुई टोचली तर उपचार आधी, बिलाचा वाद नंतर. २०१६ च्या नियमात हे जवळजवळ सगळं आहेच, निविदा लिहिणारा तो नियम उघडत नाही एवढंच. मसुदा वाचून द्यायला मी येईन. मंत्रालयाचा पास मात्र आधी काढून ठेवा, मागच्या वेळी गेटवरच दुपार गेली होती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका